मेंढरांची बारावी

एकोणतीसचा पाढा ऐकल्याशिवाय रवंथ न करणारी एकशे चाळीस मेंढरं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर वेळ मिळणार नाही. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून मी चौतीस वर्षं काढली, आणि तेवढीच वर्षं गावातले लोक म्हणत आले की नानाच्या गोष्टीतली निम्मी काढून टाकावी आणि उरलेली निम्मी धुऊन घ्यावी. त्यांना मी एवढंच विचारतो. २०४१ साली आमच्या पिंपळखोऱ्यात दिवाळीनंतर शाळेत बसलेली मेंढपाळाची मुलगी एकच होती. पाच वर्षांनी तेवीस झाल्या. या वरच्या बावीस काय आभाळातून पडल्या?

ती पहिली मुलगी म्हणजे बाणाई. मायाप्पा शेंडग्याची एकुलती एक पोर.

मायाप्पा उंच, काटक, डोक्याला लाल मुंडासं, आणि आवाज असा की त्यानं या टेकडीवरून हाक मारली की पलीकडच्या टेकडीवरच्या माणसाला आपण काहीतरी चूक केली असं वाटावं. दिवाळी झाली की तो बिऱ्हाड घोड्यावर लादायचा आणि मेंढरं घेऊन माणदेशातून कृष्णाकाठी उतरायचा. परतायचा मृगाच्या तोंडाला. तिकडचे शेतकरी मोकळ्या रानात मेंढरं बसवून घेतात, रानाला लेंडीखत मिळतं म्हणून. खापरपणजोबापासूनचा हा धंदा आणि त्यात प्रत्येकाचं काम ठरलेलं. मायाप्पा पुढे. त्याची बायको लगमाबाई मागे, घोडा आणि कोकरं सांभाळत. बाजूने बाणाई. तिचं काम वळत्या करायचं, म्हणजे कळपातून फुटून कुणाच्या उसात, कुणाच्या गव्हात घुसणारं मेंढरू धावत जाऊन परत फिरवायचं. दिवसाला शंभरदा.

त्यामुळे बाणाईची शाळा जून ते दिवाळी. सातवीपर्यंत ती हुशारीवर पोचली, पण प्रत्येक पुस्तकाचा पहिला अर्धा भाग तिला तोंडपाठ आणि दुसरा अर्धा कोरा. झाडाला मूळ असतं, खोड असतं, पान असतं, फूल असतं हे तिला घडाघडा येत होतं. फळाचा धडा दिवाळीनंतर असायचा.

शाळेत नसीमबाई मुल्ला नावाच्या शिक्षिका होत्या. बाई बोलायला मऊ, पण धरलेलं सोडणाऱ्यातल्या नव्हेत. त्या वर्षी त्यांनी मायाप्पाला गाठलं आणि पोर माझ्या घरी ठेवा म्हणून सांगितलं. खाईल, पिईल, वर्ष पुरं करील, मग तालुक्याच्या शाळेत आठवीला जाईल.

मायाप्पा काही दुष्ट माणूस नव्हता. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, पोर मी ठिवली असती. पर तिच्या पायांचं काय करू? तसलं पाय मला दुसरीकडनं कुठनं मिळणार?"

मायाप्पानं ठरवूनच टाकलं होतं. आठवी तालुक्याला, रोजचं जाणं-येणं, तेव्हा ही दिवाळी झाली की दप्तर कायमचं खुंटीला. बाणाई तिथंच उभी होती. रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "आबा, मग मेंढरं मोजायची कुणी? तुमची दर बारीला एक कमी भरती."

तर अशा वेळी, भाद्रपदात, खोपकरबाई आल्या.

डॉक्टर वैदेही खोपकर पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या. बरोबर गाडीभर गळपट्टे घेऊन आल्या होत्या आणि ते लावून बघायला त्यांना फिरता कळप हवा होता. दवाखान्यातला जुना माणूस म्हणून मला त्यांनी मदतीला घेतलं. पट्टा दिसायला साधा. दोन बोटं रुंद, वर उन्हावर चालणारी काचेची चकती, आत मेंढीच्या काळजाचे ठोके आणि जबड्याची हालचाल मोजायची सोय, आणि कानाजवळ हरभऱ्याएवढा बोलणारा भोंगा. सगळे पट्टे एका डबीशी जोडलेले. डबी तंबाखूच्या डबीएवढी, ती मेंढपाळानं जवळ बाळगायची. डबीशी बोललं की मेंढरांच्या कानात ऐकू येणार, मग मेंढरं समोर असोत की शंभर मैलांवर. संस्थेनं त्याला काहीतरी चार शब्दांचं नाव दिलं होतं. लगमाबाई म्हणाली, ही तर टकळी. तेच नाव राहिलं.

खोपकरबाईंनी मला समजावलं ते असं. मेंढी मूर्ख असते हा माणसाचा गैरसमज. ती चेहरे ओळखते, आवाज ओळखते आणि वर्षानुवर्षं लक्षात ठेवते. ती कळप सोडून पळते ती भीतीनं. घाबरली की तिचं काळीज धडधडतं, रवंथ थांबतो, आणि एक पळाली की दहा पळतात. उलट जी मेंढी निवांत आहे ती रवंथ करते आणि शेजारणीला सोडून जात नाही. म्हणजे कळप निवांत ठेवता आला तर वळत्या करायची गरजच उरणार नाही. टकळीचं काम तेवढंच. मेंढरांना ओळखीच्या आवाजातले तुकडे ऐकवून बघायचे आणि ठोके मोजायचे. ज्या तुकड्यानं ठोके उतरतात तो ठेवायचा, ज्यानं चढतात तो टाकायचा. बोलण्याचा अर्थ यंत्राला कळत नाही. नवी सून जशी सासरच्या माणसांच्या तोंडाकडे बघत बघत भाजीत मीठ किती घालायचं ते शिकते, तसंच हे.

आता ओळखीचा आवाज कुणाचा घ्यायचा? हा प्रश्नच नव्हता. मायाप्पा खाकरला, घोंगडं सावरून बसला आणि अर्धा दिवस त्यानं आपल्या सगळ्या हाका, शिट्ट्या, हुर्रर आणि ट्यार्रर डबीत भरल्या. घसा बसला. मग पट्टे सुरू केले, आणि खोपकरबाईंच्या पडद्यावर एकशे चाळीस काळजं एकदम घोड्यासारखी दौडायला लागली.

बाईंनी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, "मायाप्पा, मेंढरं तुम्हाला भितात."

"भ्यायलाच पायजेत," मायाप्पा बसक्या घशानं म्हणाला. लगमाबाई पदरात तोंड घालून बराच वेळ खोकत राहिली.

मग डबी बाणाईच्या गळ्यात आली. तीन आठवडे ती गावाच्या आसपासच मेंढरं चारत होती आणि टकळी तिचं बोलणं टिपत होती. बाणाईची हाक मेंढरांना बरी वाटली. बाणाईच्या शिव्या अजिबात वाटल्या नाहीत. पण नसीमबाईंनी तिला तिसापर्यंतचे पाढे पाठ करायला दिले होते, कारण पुढं शाळा असो नसो, पाढे तरी गाठीला असावेत. ती मेंढरांमागून फिरता फिरता ते घोकायची. एकोणतीसवर गाडं अडलं होतं. "एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर, एकोणतीस साते... साते..." मग ती थांबायची, वर बघायची, परत पहिल्यापासून. आणि तिकडे पडद्यावर एकशे चाळीस काळजं शांत होऊन एकशे चाळीस जबडे चालू लागायचे.

खोपकरबाईंनी पट्टे तीनदा तपासले. यंत्रात बिघाड नव्हता. त्यांना कोडं पडलं, पण मला नाही. बाणाई पुस्तक धरून असली की तिच्या हातात दगड नसायचा. सहा वर्षांत मेंढरांनी एवढं हेरलेलं होतं.

मायाप्पानं पट्टे आठ दिवस वापरून पाहिले. एक मेंढरू फुटलं नाही. मग नसीमबाई, मी आणि खोपकरबाई असे तिघं मिळून गेलो, आणि त्यानं एका अटीवर मान हलवली. कळप सांभाळला जाईल तोवर पोर शाळेत. ज्या दिवशी मेंढरं हाताबाहेर जातील त्या दिवशी पोर परत वळत्यांना.

निघायच्या दिवशी एक घोटाळा झाला. आमच्याकडे घरात नवी वस्तू आली की बिरोबाला नेऊन तिला भंडारा लावतात. मायाप्पानं देवळापुढे कळप उभा केला आणि एकशे चाळीस पट्ट्यांना स्वतःच्या हातानं हळद फासली, हात आखडता न घेता. टकळ्या जागच्या जागी मुक्या झाल्या. उन्हाच्या चकत्या पिवळ्याधमक, त्यातून ऊन आत जाणार कुठून? मेंढरं चौखूर उधळली. मी माझ्या धोतराच्या सोग्यानं एकशे चाळीस काचा पुसल्या. ते धोतर अजून पिवळं आहे, दाखवू शकतो. तेव्हापासून नियम ठरला, भंडारा पट्ट्याला लावायचा, काचेला नाही.

कळप गेला आणि बाणाई नसीमबाईंच्या घरी राहिली. तिकडून बातम्या येत होत्या त्या ऐकून मी हसून हसून लोळायचो. वाटेतल्या एका गावात शाळेसमोरून कळप जाताना पाढा इतका ठणठणीत ऐकू आला की आतले गुरुजी तपासणी आली समजून टोपी शोधायला धावले. शेतकरी मायाप्पाला बोलवून नेऊन रानात मेंढरं बसवून घेऊ लागले, खत तर मिळतंच, वर घरातल्या पोरांचे पाढेही होतात. आणि मायाप्पा स्वतः, ज्याला बोटांवर वीसच्या पुढे जाता येत नव्हतं, तो एकदा फोनवर मला सहज म्हणाला, "नाना, एकोणतीस साते दोनशे तीन. एवढ्यावर पोरगी अडत हुती व्हय?"

इकडे बाणाई आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात शिरली होती. मार्गशीर्षातल्या एका दुपारी ती धावत आमच्या ओट्यावर आली. मी पान लावत होतो. धाप लागलेली तशीच म्हणाली, "नाना, फुलाचंच फळ हुतं." मी म्हटलं, एवढं तर मलाही माहीत आहे. ती म्हणाली, "तुम्हाला म्हाईत हाय. मला आज कळलं." मी पान खाली ठेवलं. आता या पोरीचं दप्तर खुंटीला लागता कामा नये, हे मी तिथंच मनाशी पक्कं केलं.

पण सहाव्या आठवड्यात टकळी हरली.

झालं असं की मेंढरांना पाढ्याची सवय झाली. घरात घड्याळ टिकटिकत असतं, आपल्याला ऐकू येतं का? तसंच. तोच आवाज, तेच अडखळणं, रोज. कान त्याकडे लक्ष देईनासा झाला आणि भीती पूर्वीसारखी मोकळी झाली. कालव्याजवळ एक कुत्रं भुंकलं, तेवढ्यावर कळप फुटला. निम्मी मेंढरं उसात, निम्मी महामार्गावर. आता महामार्गावर धावतात ते चालक नसलेले ट्रक. जनावर आडवं आलं की निमूट थांबायचं, एवढं त्यांना शिकवलेलं. पहिला थांबला, त्यामागे दुसरा, असे सात मैल ट्रक अदबीनं उभे राहिले. मायाप्पाची खरी पंचाईत इथंच झाली. भांडायला समोर माणूसच नाही. तो म्हणे एका ट्रकला बराच वेळ शिव्या देत होता आणि ट्रक दर खेपेला त्याला गैरसोयीबद्दल क्षमस्व म्हणत होता. दोन कोकरं संध्याकाळपर्यंत सापडली नाहीत. शेवटी लगमाबाईला ती उसात मिळाली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "नाना, पोरीला सांगा, बोचकं बांध. मी येतोय."

मी खोपकरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, सवयीवर इलाज शोधावा लागेल, पण त्याला महिना-दीड महिना जाईल. मायाप्पा तर सकाळच्या बसनं येणार होता. बाणाईला फोनवरून तिकडच्या डबीत पाढा पुन्हा म्हणायला लावून बघितला. आता तो तिला इतका पाठ झाला होता की गिरणीतून पीठ पडावं तसे आकडे पडत होते. तिकडून लगमाबाईनं कळवलं की मेंढरं कानही हलवत नाहीत.

मायाप्पा आला तेव्हा शाळा भरलेली होती. बोचकं पायरीशी बांधून ठेवलेलं. नसीमबाई दारात आल्या आणि त्यांनी फक्त मधल्या सुट्टीपर्यंतचा वेळ मागितला. विज्ञानाचा नवा धडा आहे, तेवढा वाचून होऊ दे. मायाप्पानं होय म्हटलं. एवढ्या दुरून आलेला माणूस, पोरीच्या शेवटच्या तासाला नाही कसा म्हणेल? भिंतीला टेकून तो उभा राहिला. मी शेजारी.

बाणाई वाचायला उभी राहिली. धडा देवमाशावर होता. तिनं ना समुद्र पाहिलेला, ना देवमासा. एकेक शब्द चाचपत, चिखलातून पाय टाकावा तशी ती निघाली. देवमासा हा मासा नव्हे. तो... तो श्वास घ्यायला पाण्यावर येतो. त्याची मादी पिल्लाला जन्म देते आणि... आणि त्याला आपलं दूध पाजते.

मायाप्पाचा फोन वाजला. पलीकडे लगमाबाई इतकी मोठ्यानं बोलत होती की सगळ्या वर्गाला ऐकू गेलं. "अवो, काय केलंत काय? समदी मेंढरं खाली बसल्यात."

मायाप्पा गोंधळला. मग त्याचा हात डोक्याकडे गेला. डबी मुंडाशात खोचलेली होती, चालू. काठी न घेता तो जसा घराबाहेर पडत नसे तसा तो डबीही घेऊनच बसमध्ये चढला होता, कळप तिकडे आहे हे ध्यानातच न घेता. बाणाई इथं वाचत होती आणि कृष्णाकाठी एकशे चाळीस मेंढरं देवमाशाची माहिती ऐकत होती.

तेवढ्यात सुट्टीची घंटा झाली. बाणाईनं पुस्तक मिटलं. नियम म्हणजे नियम, ती बोचक्याकडे चालू लागली. फोनमधून आवाज आला, "उठली की वो परत."

मायाप्पा बाणाईकडे बघत राहिला. मग सातवीच्या त्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसला.

"वाच पुढं," तो म्हणाला.

सुट्टी तशीच गेली. बाणाईनं धडा संपवला. कृष्णाकाठी रवंथ चालू राहिला. शेवटी मायाप्पानं हात वर केला, वर्गात करतात तसा, आणि नसीमबाईंना विचारलं, "पर ते पिल्लू पाण्यात दूध पितं कसं? नाकातोंडात पाणी जात आसंल की."

हा प्रश्न मेंढपाळाशिवाय दुसऱ्या कुणाला पडणार? बाईंनाही उत्तर माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, उद्या शोधून बाणाईकडून वाचून घेऊ. मायाप्पानं बोचकं उचललं आणि नसीमबाईंच्या घरात नेऊन ठेवलं. दुपारच्या बसनं तो एकटाच परत गेला.

खोपकरबाईंनी नंतर आकडे बघून उलगडा केला. मेंढरांना पाढा आवडला नव्हता, आणि देवमासाही नाही. माणूस नवं काही शिकताना त्याच्या आवाजाला एक वेगळी लय येते. थांबतो, चाचपतो, परत मागे येतो, सापडलं की हलकेच पुढे जातो. त्या लयीत राग नसतो, घाई नसते. मेंढरांच्या लेखी सहा वर्षं ती लय म्हणजे निर्धास्तपणा. पण पाठ झालं की लय जाते, आणि तेच तेच ऐकवलं की कान विटतो. म्हणजे कळप निवांत राहायला बाणाईनं दर दोन-चार दिवसांनी काहीतरी कोरं, न येणारं शिकत राहणं भाग होतं.

बाणाईच्या फ्रॉकला गुंडीएवढा माईक लागला; ती वाचू लागली की डबीतून मायाप्पाला आणि पट्ट्यांतून मेंढरांना ऐकू जायचं. ती नसीमबाईंना म्हणाली, "म्हणजे मी आता मेंढरांसाठी शिकायचं व्हय?"

"तू शीक," बाई म्हणाल्या. "कुणासाठी ते ज्याचं त्याला ठरवू दे."

दुसऱ्या दिवशी उत्तर गेलं. देवमाशिणीचं दूध लोण्यासारखं घट्ट असतं आणि ती ते पिचकारीसारखं थेट पिल्लाच्या तोंडात सोडते. लगमाबाईनं सांगितलं, मायाप्पा दिवसभर कोकरांकडे बघून मान डोलवत होता.

आता इथं मला एक कबुली द्यायची आहे. कानाच्या सवयीवरचा इलाज खोपकरबाईंना महिन्याभरात सापडला. टकळीनं जुनेच तुकडे कापायचे, उलटसुलट जोडायचे, सूर थोडा खालीवर करायचा, म्हणजे प्रत्येक वेळी कानाला नवं वाटतं. डबीच्या खालच्या झाकणाआड एक हिरवं बटण होतं. ते दाबलं की काम भागणार होतं. बाणाईची, शाळेची, कुणाचीच गरज उरणार नव्हती. खोपकरबाईंनी मला ते कळवलं, आणि वापरायचं की नाही ते तुमच्या गावात ठरवा म्हणाल्या. मी नसीमबाईंकडे गेलो. आम्ही दोघांनी चहा घेतला. बटणाचा विषय निघाला नाही.

मायाप्पाला मात्र मी बजावलं की झाकणाखालचं हिरवं बटण चुकूनही दाबायचं नाही, नाहीतर मेंढरांची लोकर एका दिवसात गळून पडेल. एवढी एक थाप मी आयुष्यात मारली. बाकी सगळं खरं.

पुढची हकिकत तालुक्याला ठाऊक आहे. बाणाई आठवीला गेली, नववीला गेली, दहावीला तिच्या कळपानं सगळं रसायनशास्त्र बसून ऐकलं. बाकीच्या मेंढपाळांना पट्टे हवेसे झाले. पट्टे संस्थेनं दिले, पण आवाज आणायचा कुठून? बाणाईचा आवाज दुसऱ्या कळपाला चालेना. ज्याच्या त्याच्या मेंढरांना ज्याची त्याची पोर हवी, आणि ती नवं शिकत असलेली हवी. मग जिवाप्पाची सोनाबाई शाळेत आली, थोरल्या वस्तीवरच्या दोघी बहिणी आल्या, एकीला तर बाप खांद्यावर बसवून घेऊन आला आणि नसीमबाईंना म्हणाला की हिला जरा अवघड अवघड शिकवा, माझी मेंढरं लई भित्री आहेत. मुलगी एक दिवस गैरहजर राहिली तर पूर्वी शाळेचं माणूस घरी जायचं. आता बापच सकाळी शाळेत फोन करून विचारायचा, पोचली का. आमच्याकडे असा फोन येतो हे ऐकून पुण्याहून दोन साहेब बघायला आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी त्यातलं निम्मं लिहून घेतलं.

बाणाई अकरावीत असताना मायाप्पाचा थोरला भाऊ तिच्यासाठी स्थळ घेऊन आला. कायद्यात बसतं की नाही हे विचारायची पद्धत त्याच्याकडे नव्हती. पाहुणे घोंगड्यावर बसले, गूळपाणी झालं, गोष्टी निघाल्या. मायाप्पा सगळं ऐकत होता. शेवटी मुलाच्या चुलत्यानं विचारलं, मग कधी उरकायचं?

मायाप्पा गंभीरपणे म्हणाला, "आमची ना न्हाय. पर मेंढरांची बारावी व्हायचीय अजून."

पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. थोरला भाऊ मान हलवून म्हणाला, व्हय, ते खरं हाय. त्याचा स्वतःचा कळप त्याच्या नातीच्या इतिहासावर चालू होता. पाहुणे उठले.

बारावी झाली. बाणाईला जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात जागा मिळाली. ती निघाली तो जूनचा दिवस होता. कळप नुकताच परतलेला, बिरोबाच्या माळावर बसलेला. रस्त्याकडेला बसची वाट बघत आम्ही उभे होतो. मायाप्पानं कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली आणि पोरीच्या कपाळाला बोट लावलं. मग दप्तराच्या पट्ट्याला लावलं. आतल्या पुस्तकं वाचायच्या काचेच्या पाटीला मात्र त्यानं हातसुद्धा लागू दिला नाही.

बाणाई बसमध्ये चढली, लगमाबाई घराकडे वळली आणि आम्ही दोघं म्हातारे माळावर उरलो. मला राहवेना. साडेपाच वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट. मी म्हटलं, मायाप्पा, एक सांगायचंय, रागावू नकोस.

"झाकणाखालचं बटण व्हय?" तो म्हणाला.

मला त्यालाच पुढं बोलू द्यावं लागलं. असा प्रसंग माझ्यावर फार येत नाही.

"पहिल्याच वर्षी फाल्गुनात दाबलं म्या," मायाप्पा म्हणाला. "लोकर गळती का बघावं म्हटलं. न्हाय गळली. टकळी समदं मिसळून बोलाय लागली, देवमाशाला एकोणतीसनं गुणाय लागली. मेंढरं बसली की निवांत."

"मग बंद का केलंस?"

"काळजाला कप्पे किती, ते सांगता सांगता पोरीची घंटा झालती. पुढचं मला नको व्हय कळाय?" त्यानं मुंडासं सारखं केलं. "आन् भावकीला काय सांगणार हुतो, नाना? पोरीला पोरीसाठी शिकवतो म्हटलं असतं तर चौघं अंगावर आली असती. मेंढरांसाठी शिकवतो म्हटल्यावर कोण बोलतंय?"

एवढ्यात त्याच्या मुंडाशातून आवाज आला. बस अजून घाटाच्या वळणाला पोचली नव्हती, पण बाणाईला दम कुठला? तिनं नव्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं होतं. मेंढीच्या पोटाचे चार कप्पे. नावं अवघड होती. ती थांबली, चाचपली, परत मागे आली.

मायाप्पा खाली बसला. मग मेंढरं बसली. याच क्रमानं, मी स्वतः पाहिलं आहे.